कालिंदीबाईंची चव

बाईंनी कैरीची फोड तोंडात टाकली आणि सगळी शेड त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली.

हे दरवर्षीचंच होतं. कैरीचं लोणचं घातलं, आठवडाभर मुरलं, की पहिल्या पिंपाचं झाकण उघडायचं आणि पहिली फोड कालिंदीबाई शेणोलीकरांनी खायची. याला आम्ही चाखण म्हणायचो. त्या दिवशी कुणी रजा घ्यायची नाही, धुतलेलं पातळ नेसून यायचं आणि पिंपाभोवती गोल उभं राहायचं. बाई डोळे मिटून फोड चावायच्या, गिळायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "बसलं." म्हणजे मीठ, तिखट, आंबट, सगळं आपापल्या जागी बसलं. मग एकेक फोड सगळ्यांच्या तळहातावर यायची, ती खाऊन सगळ्या माना डोलवायच्या आणि बरण्या भरायला सुरुवात व्हायची. चौदा वर्षांत बाई कधी "नाही बसलं" म्हणाल्या नव्हत्या आणि आमच्यातली एकही मान कधी आडवी हलली नव्हती.

त्या वर्षी बाईंनी फोड चावली. पुन्हा चावली. डोळे उघडून आमच्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग माझ्या हातावर एक फोड ठेवली आणि म्हणाल्या,

"कुंदा, तुला काय वाटतं?"

हा प्रश्न आहे हे मला आधी कळलंच नाही. कारण बाई प्रश्न विचारत नसत. त्या उत्तरं देत. कुठलंही विचारा, उत्तर तयार. एकदा कराडच्या स्टँडवर मी सहज म्हटलं, पाटणची गाडी कधी येईल कोण जाणे. बाई म्हणाल्या, वीस मिनिटांत. गाडी दीड तासानं आली. बाई चढताना कंडक्टरलाच म्हणाल्या, "तुमची गाडी चुकली." तो बिचारा माफी मागून मोकळा झाला. "माहीत नाही" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. प्रमुख अडखळला की हाताखालची माणसं कोसळतात असं त्यांचं मत होतं आणि आम्ही कोसळू नये म्हणून त्या कधीच अडखळत नसत.

आमच्या संस्थेचं नाव 'डावी बाजू महिला गृहउद्योग'. ताटाच्या डाव्या बाजूला जे वाढतात ते सगळं आम्ही करतो, म्हणून ते नाव. हेही बाईंनीच ठेवलं. त्या नावामुळे सुरुवातीला एकदा पोलीस चौकशीला आले होते, पण बाईंनी त्यांना लिंबाचं लोणचं देऊन परत पाठवलं. मी बी.कॉम. होऊन तिथे लागले होते. हिशेब बघायचे, लेबलं चिकटवायचे आणि उरलेल्या वेळात बाईंची पिशवी घेऊन त्यांच्यामागून चालायचे.

तर मी फोड तोंडात टाकली आणि माझी जीभ टाळ्याला जाऊन चिकटली. नुसतं मीठ. कैरी कुठे, मोहरी कुठे, काही पत्ता नाही. डोळ्यांत पाणी यायला लागलं ते मी आत ओढून घेतलं आणि बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी नुकतीच त्याच पिंपातली फोड खाल्ली होती आणि चेहऱ्यावरची एक रेघ हलली नव्हती. मला वाटलं, माझ्याच जिभेत काहीतरी बिघाड असणार.

"तुम्ही म्हणाल तसं, बाई," मी म्हटलं.

बाई हौसाबाईंकडे वळल्या. हौसाबाई आमच्यात सगळ्यांत जुन्या. बाईंच्या स्वयंपाकघरात दोघींनी मिळून पहिली बरणी घातली होती. फोड गालात धरून त्या म्हणाल्या, लोणचं अगदी लोणच्यावानी लागतंय. शेवंताला विचारलं, ती म्हणाली रंग लई झ्याक आलाय. गौरानं आपला आज उपास आहे असं सांगितलं, पण सांगताना फोड तिच्या तोंडातच होती.

बाईंनी बाकीच्यांनाही एकेक फोड दिली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, झाकण लावलं, "उद्या सांगते," म्हणाल्या आणि आपल्या खोलीत निघून गेल्या.

चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आणि झालं तेही नेमकं कधी, तर परवा पुण्याहून टेम्पो येणार असताना. पुण्याच्या एका मोठ्या दुकानात आमचं लोणचं पहिल्यांदाच जाणार होतं. दुकानदाराच्या आग्रहावरून नवीन लेबलं छापून आली होती. त्यावर बाईंचा फोटो होता, डोळे मिटून फोड खातानाचा, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'कालिंदीबाईंची चव'. दहा पिंपं भरून तयार होती. सगळ्यांचा मसाला एकाच वेळी कालवलेला, म्हणजे जे एका पिंपात तेच दहांत. हे लोणचं पुण्यात जाऊन नापसंत झालं असतं तर पुढच्या वर्षी एवढ्या बायकांना काम राहिलं नसतं.

बाई आत गेल्यावर सगळ्यांचे पदर तोंडाकडे गेले आणि फोडी बाहेर आल्या. हळूहळू कबुल्या सुरू झाल्या. प्रत्येकीला खारट लागलं होतं. आम्ही खाल्ल्या मिठाला इतक्या जागलो होतो की एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. पण मग गौरा म्हणाली, आपल्याला लागलं खरं, पण बाईंना कुठं लागलं? झालं. शेडभर बायकांच्या जिभा एकीकडे आणि बाईंची एक जीभ दुसरीकडे, निकाल लागल्यातच जमा होता. हौसाबाईंनी सांगितलं की बाई परीक्षा घेतायत. त्यांच्यामागून गादीवर कोणाला बसवायचं ते बघतायत, तेव्हा जी खारट म्हणेल ती नापास. शेवंता म्हणाली, हौसाबाई, तुम्ही लोणच्यावानी म्हणालात, म्हंजे तुम्ही पास. हौसाबाईंनी नको नको करत पदर सारखा केला.

मी चहा घेऊन बाईंच्या खोलीत गेले. बाई खिडकीशी बसल्या होत्या. मी त्यांना कप दिला, माझा घेतला. त्यांनी एक घोट घेतला आणि सवयीनं निकाल दिला.

"साखर आज जरा जास्त झालीय."

मी माझ्या कपातला घोट घेतला. त्या गडबडीत मी साखर घालायलाच विसरले होते. चहा कडू होता.

"बाई," मी म्हटलं, "यात साखर नाहीये."

बाईंनी कपात पाहिलं, जणू साखर वर तरंगताना दिसणार होती.  मग उठून त्यांनी दार लोटलं.

चैत्रात त्यांना मोठा ताप आला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ताप उतरला, पण जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भात म्हणजे ओला कागद, आमटी म्हणजे गरम पाणी. त्या गुपचूप साताऱ्याला एका मोठ्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या.

"त्यानं सगळं तपासलं," बाई म्हणाल्या. "मी विचारलं, चव परत कधी येईल? तर म्हणतो, येईल किंवा येणारही नाही, मला माहीत नाही. इतकी वर्षं शिकून माहीत नाही म्हणतो, आणि तेही हसत."

"मग तुम्ही काय केलंत?"

"उठून आले. ज्याला स्वतःलाच माहीत नाही त्याच्याकडून औषध काय घ्यायचं?"

मी विचारलं, मग दोन महिने मिरचीचं आणि लिंबाचं लोणचं कसं पास केलंत? बाई म्हणाल्या, तुमच्या तोंडांवरून. झाकण उघडलं की वासावरूनच तुमची तोंडं बोलतात. फोड खायची, डोळे किलकिले करून तुमच्याकडे बघायचं. तुमची तोंडं बरी दिसली की बसलं म्हणायचं.

"पण आज कुणाच्या तोंडावर काहीच दिसेना. म्हणून तुला विचारलं."

"बाई, आमच्या तोंडांवर काही नव्हतं, कारण आम्ही तुमच्या तोंडाकडे बघत होतो."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. शेवंता आणि गौरा पिंपांवर फडकी बांधत होत्या.

"कसं झालंय लोणचं?" त्यांनी विचारलं.

"खारट."

"किती खारट?"

"बाई, नुसतं मीठ खाल्लेलं परवडलं."

त्यांनी डोळे मिटले. फोटोत मिटले होते तसेच, पण फोटोत त्या इतक्या घाबरलेल्या दिसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, कुंदा, माझी शाळा सातवीपर्यंतची. या बायका माझं ऐकतात ते माझ्या जिभेसाठी. तीच गेली म्हटल्यावर मला कोण विचारील? आणि त्या दुकानदाराला काय सांगू, फोटोतल्या बाईला चव कळत नाही म्हणून? मला त्यांची फार दया आली. ज्या बाईंनी कधी सल्ला मागितला नव्हता त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला माझ्या शहाणपणाचा मोह पडला.

मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला काही सांगायचं नाही. उद्या पुन्हा चाखण करा. आधी मी चव घेते, तुमच्या समोर उभी राहते. लोणचं खारट असलं तर मी कान ओढीन. तुम्ही म्हणायचं खारट झालंय, काय करायचं ते सगळ्या मिळून ठरवू. जीभ माझी, शब्द तुमचा.

बाईंना ते पटलं. मी निघताना मात्र त्यांनी दोनदा विचारलं की नक्की कोणता कान.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्या पिंपाभोवती उभ्या राहिल्या. माझ्या हातावर फोड आली, मी ती खाल्ली आणि उजवा कान असा ओढला की डूल हातात आला. बाईंनी आपली फोड शांतपणे खाल्ली, गिळली आणि म्हणाल्या,

"खारट झालंय."

शेडमध्ये असा सुटकेचा सुस्कारा निघाला की मला वाटलं, जिंकलो.

"व्हय बाई," हौसाबाई म्हणाल्या. "लई खारट."

"खारटच हाय," शेवंता म्हणाली.

सगळ्या माना डोलायला लागल्या. बाई खुशीत येतील असं मला वाटलं होतं, पण त्या डोलणाऱ्या मानांकडे काहीतरी वेगळंच दिसल्यासारखं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आंबटही जरा जास्तच आहे."

"आंबट हाय की," गौरा म्हणाली.

मी कान ओढला नव्हता. मी मान हलवून नाही नाही म्हणत होते, पण बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"आणि मागाहून गोड लागतंय."

"गोडसर लागतंय खरं," मागून कोणीतरी म्हणालं.

बाई थांबल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "आणि रॉकेलचा वास येतोय."

 हौसाबाईंनी हवेत नाक वर केलं. "येतुया," त्या म्हणाल्या. "त्या मागच्या स्टोव्हचा असंल."

आमच्याकडे स्टोव्ह नव्हता. गॅस येऊन सहा वर्षं झाली होती.

बाई तिथेच एका पालथ्या घमेल्यावर बसल्या. त्यांना असं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग सगळ्यांकडे पाहिलं.

"मला चव कळत नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण झालं भलतंच. हौसाबाई हात जोडून पुढे आल्या. "आसं टोचून बोलू नगा, बाई. चुकलं आमचं."

"अगं, टोचून नाही. खरंच कळत नाही. हे लोणचं कसं झालंय ते मला माहीत नाही."

गौरा रडायला लागली. शेवंता म्हणाली, बाई, राग काढायचा तर माझ्यावर काढा, पण असं वाकडं बोलू नका. सगळ्यांचं एकमत झालं की बाई आजवर एवढ्या कधीच रागावल्या नव्हत्या. चौदा वर्षं त्यांनी प्रत्येक गोष्ट छातीठोकपणे सांगितली होती, त्यावर आमचा ठाम विश्वास होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माहीत नाही म्हणाल्या, तर त्यावर एकीचाही विश्वास बसेना. मी मध्ये पडून सांगायला लागले तर हौसाबाईंनी मला गप्प केलं. त्यांच्या मते मी बाईंची बाजू घेऊन गादी पटकावायला निघाले होते.

बाईंनी सगळ्यांचं रडणं जरा वेळ ऐकून घेतलं. मग उठल्या, मसाल्याच्या टेबलाजवळ गेल्या आणि मेथीच्या पुडीच्या परातीत हात घातला. कच्च्या मेथीची ती पूड, चिमूटभर जिभेवर पडली तरी माणूस दिवसभर तोंड वाकडं करतो. बाईंनी बचकभर उचलली आणि तोंडात घातली. आम्ही बघत राहिलो. बाईंनी ती चावली, पाण्याच्या घोटाबरोबर गिळली, ओठ पुसले आणि हात झटकले. चेहऱ्यावर काही नाही.

"सांगा, मी काय खाल्लं?"

"मेथी, बाई," हौसाबाई कशाबशा म्हणाल्या.

"कशी असते?"

"कडू जहर असती."

"मला भुसा खाल्ल्यासारखं वाटलं."

आता मात्र कुणी रडेना. हौसाबाई दोन पावलं पुढे आल्या, बाईंच्या कपाळाला हात लावून बघितला, आणि एवढ्या वर्षांत चारचौघींदेखत कधी म्हणाल्या नव्हत्या तसं एकेरीत म्हणाल्या,

"कवापासनं गं, कालिंदे?"

"चैत्रातल्या तापापासून."

"आन कुणाला बोलली न्हाईस? आसंच जेवत व्हतीस, एकटी?"

बाईंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मेथीचं नव्हतं हे आता सगळ्यांना माहीत होतं. हौसाबाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"खारट हाय," त्या म्हणाल्या. "वकारी यील इतकं खारट हाय. रॉकेलचा वास म्हणशील तर अजिबात न्हाई."

आणि मग जे सुटलं ते आवरेना. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. खारट कसं झालं ते बघता बघता बाहेर आलं. आमच्या शेडमध्ये लोणचं कालवताना तोंडाला फडकं बांधायचं आणि अवाक्षर बोलायचं नाही असा बाईंचा कडक नियम होता. मसाल्यात मीठ घालायचं काम गौराचं. तिनं घातलं. मग ती तेल बघायला गेली आणि शेवंताला वाटलं गौरा मीठ विसरली, म्हणून तिनं पुन्हा घातलं.

"अगं, मग विचारायचं नाही का?" बाई म्हणाल्या.

"तोंडाला फडकं व्हतं, बाई," शेवंता म्हणाली. "हातानं विचारलं. मिठाच्या पोत्याकडं बोट केलं. गौरानं मान डोलावली."

"मला वाटलं ही विचारतीया घातलंस का," गौरा म्हणाली. "म्हटलं व्हय."

"मला वाटलं म्हणतीया घाल."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि तो नियम तिथल्या तिथे मोडीत काढला. फडकं राहील, पण बोलायचं. मग गौराला जोर चढला. ती म्हणाली, बाई, आता बोलायचंच म्हणता तर सांगते, तीन वर्षांमागचं लिंबाचं लोणचं कडू होतं.

"ते?" बाई म्हणाल्या. "त्या वेळी तर तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या."

"तुम्ही बसलं म्हणाला व्हता."

बाई खाली बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "त्या वेळी जीभ चांगली होती माझी. मलाही ते कडू लागलं होतं. पण वाटलं, आपल्यालाच लागत असेल. तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही सगळ्या शांत. म्हणून बसलं म्हणाले."

 ते लिंबाचं लोणचं त्या वर्षी बरण्यांसकट परत आलं होतं, आणि बाईंनी ठामपणे सांगितलं होतं की गिऱ्हाइकांना चव कळत नाही. आता मला आठवलं, हे सांगताना त्या आमच्याकडे बघत होत्या आणि आम्ही माना डोलवत होतो. हौसाबाईंना पहिल्यांदा हसू फुटलं. मग बाईंना. मग आम्ही सगळ्या पोट धरून हसलो.

हसू ओसरल्यावर बाईंनी विचारलं, आता काय करायचं, मला सुचत नाही. आणि या वेळी सगळ्यांचा विश्वास बसला. कुणी गूळ घाला म्हणालं, कुणी फोडी धुवून काढा म्हणालं. शेवटी ठरलं की जेवढ्या कैऱ्या तेवढ्याच आणखी आणायच्या, मसाला नवा, मीठ अजिबात नाही. दोन्ही एकत्र केलं की खारटपण वाटलं जाईल. पण ज्येष्ठ लागला होता, बाजारात कैरी संपत आलेली. मग प्रत्येकीनं आपापल्या गावाकडे निरोप धाडले. गौराच्या सासऱ्यांनी रायवळ आंब्याखाली खाट टाकून कैऱ्या राखल्या होत्या. ते सुनेच्याच मागे काठी घेऊन धावले, पण तोवर गौरानं पोतं भरलं होतं.

पुण्याला फोन बाईंनी स्वतः केला. मी शेजारी उभी होते. टेम्पो पाठवू नका, लोणचं पुन्हा करतोय, असं त्यांनी सांगितलं. पलीकडून किती दिवस लागतील असं विचारलं असणार, कारण बाईंचे कान लाल झाले. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

मग त्या ऐकत राहिल्या आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून चकित होऊन म्हणाल्या, "तो बरं म्हणाला. झालं की कळवा म्हणाला."

दहा पिंपांची वीस झाली. त्या चाखणीला बाईंनी फोड सगळ्यांच्या शेवटी खाल्ली. आधी प्रत्येकीनं मोठ्यानं सांगायचं, मगच पुढच्या हातावर फोड. असा गलका झाला की शेजारच्या पिठाच्या गिरणीचा मालक भांडण सोडवायला आला. फोटो तसाच राहिला, पण 'कालिंदीबाईंची चव' या अक्षरांवर मी एक पट्टी चिकटवली, 'सगळ्यांनी चाखलेलं'. आणि साताऱ्याच्या त्या डॉक्टरला बाईंनी माझ्याबरोबर एक बरणी पाठवली. मी त्याला विचारलं, बाईंना चव कधी येईल? तो पुन्हा हसला आणि पुन्हा तेच म्हणाला. परत येऊन मी बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, माणूस प्रामाणिक आहे.

त्यानंतर बाईंना ते वाक्य फारच आवडायला लागलं. मला माहीत नाही, तुम्ही सांगा. कुणी काही विचारायला आलं की त्या ते असं ऐटीत म्हणायच्या की समोरचा दबकून जायचा. पहिले काही महिने बायका बिचकत बोलायच्या, मग सरावल्या, पुढे तर बाईंना बोलू देईनात. आता बाईंच्या जागी मी बसते. माझी जीभ शाबूत आहे, तरी चाखणीला मी शेवटची. आणि मला माहीत नाही म्हणताना माझेही कान अजून लाल होतात.

पण एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या वर्षीची चाखण होऊन गेली होती. बरण्या भरून झाल्या होत्या. मी बाईंच्या खोलीत चहा घेऊन गेले. बाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"कुंदा, साखर विसरलीस."

मी माझा चहा चाखला. खरंच विसरले होते. मग माझ्या लक्षात आलं आणि मी बघतच राहिले.

"बाई, तुम्हाला कळतंय?"

"दिवाळीपासून."

"मग परवा चाखणीला मला कळत नाही म्हणालात ते?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. शेडमध्ये बायकांचा गलबला चालू होता. त्या माझ्याकडे जरा झुकल्या.

"मी आधीच गुपचूप एक फोड खाल्ली होती. मला ते लोणचं खारट लागलं होतं," त्या म्हणाल्या. "अगदी नक्की खारट. आता यातली कोण बोलते बघू, म्हणून गप्प राहिले. तर सगळ्यांनी एकेक करून बसलं म्हणून सांगितलं. हौसानंसुद्धा."

"मग?"

"मग घरी नेऊन भाताबरोबर खाल्लं. दोन दिवस खाल्लं." बाईंनी कप माझ्याकडे सरकवला. "बसलंच होतं. साखर घाल आता, आणि बाहेर बोलू नकोस."

मी साखरेचा डबा आणायला उठले.